बटण शोधणारी नजर

रायपुरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर अभनपुर येतं. हा भाताचा मुलूख. नवा रायपुर ही नियोजित राजधानी या तहसिलीला लागून आहे आणि रायपुर-विशाखापट्टणम महामार्गाची जमीनही इथल्या गावांतून गेली, त्यामुळे उतारे काढण्याचं काम इथं बारमाही चालतं. छत्तीसगढमध्ये ते ‘भुइयां’ या सरकारी पोर्टलवर मिळतात. आपल्याकडे आठ-अ आणि सातबारा, तसे तिथं बी-वन आणि पी-टू. जिल्हा निवडा, तहसील निवडा, गाव निवडा, खसरा म्हणजे गट क्रमांक टाका, बटण दाबा, पान उघडेपर्यंत थांबा, पुन्हा बटण दाबा. नोव्हेंबरात धानखरेदी सुरू झाली की सहकारी समित्यांमधल्या नोंदींची भर पडते. समितीत धान न्यायचं तर आधी टोकन हवं, आणि त्यासाठी ‘टोकन तुंहर हाथ’ नावाचं ॲप आहे. संगणकावर बसलेल्या ऑपरेटरचा दिवस अशा वेळी पडद्यावरची तीच चार-पाच बटणं दाबण्यात जातो.

हे दाबणं संगणकाकडेच सोपवता येतं. त्यासाठी त्याला बटण सापडलं पाहिजे, आणि ते शोधायचे दोन रस्ते आहेत. पहिला नावाचा. वेबपानाच्या कोडमध्ये बटणाला सहसा काही ओळख दिलेली असते. ‘या ओळखीचं बटण दाब’ असं सांगितलं की काम होतं. 2004मध्ये सुरू झालेलं सेलेनियम हे मोफत साधन याच रस्त्यानं जातं. वेबसाइट तपासणाऱ्या पुण्या-हैदराबादच्या अभियंत्यांच्या ते रोजच्या वापरातलं आहे. दुसरा रस्ता रूपाचा. बटण कसं दिसतं त्याचं चित्र संगणकाला द्यायचं आणि पडद्यावर ते चित्र कुठे आहे हे त्यालाच शोधायला लावायचं.

नाव ठाऊक असेल तर रूपाच्या मागे लागू नये. नावाचा रस्ता जास्त भरवशाचा आहे. पण तो नेहमी मोकळा नसतो. वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आतल्या बटणांची ओळख बाहेर सांगत नाही. दुसऱ्या शहरातल्या संगणकाचा पडदा तुमच्या पडद्यावर उघडून काम करत असाल तर तुमच्यापर्यंत नुसतं चित्र पोचतं. तिथलं बटण तुमच्या संगणकाच्या लेखी रंगीत ठिपक्यांचा एक पुंजका असतो. अशा ठिकाणी चित्र ओळखण्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये टॉम ये, त्सुंग-शियांग चांग आणि रॉब मिलर यांनी 2009मध्ये सिकुली हे साधन मांडलं ते यासाठीच. त्यात आज्ञा लिहिताना मजकुराच्या ओळीत थेट बटणाचा फोटो चिकटवता येत असे: ‘क्लिक’ हा शब्द आणि कंसात त्या बटणाचं चित्र. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसालाही ती ओळ वाचून कळे. पुढे त्याचंच सिकुलीएक्स झालं. पायथन भाषेत आज अनेक जण अल स्वाइगार्ट यांचं पायऑटोजीयूआय वापरतात.

आता या शोधाच्या पोटात काय चालतं ते पाहू, कारण यातली फसगत तिथूनच उगम पावते.

फुल एचडी पडद्यावर आडवे 1,920 आणि उभे 1,080 ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात. एकूण 20,73,600. ‘जमा करा’ या बटणाचा कापून ठेवलेला तुकडा 80 बाय 30 पिक्सेलचा असेल तर त्यात 2,400 ठिपके आहेत. पटवारी शेताच्या आकाराचा ट्रेसिंग पेपर गावनकाशावर सरकवत जुळणारी जागा शोधतो, तसा हा तुकडा पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून एकेक पिक्सेल सरकवत न्यायचा. तो ठेवता येईल अशा जागा भरतात 19,34,891. प्रत्येक जागी 2,400 ठिपक्यांची खालच्या ठिपक्यांशी तुलना, म्हणजे सगळ्या मिळून सुमारे 464 कोटी तुलना. आकडा मोठा वाटतो, पण गणिती युक्त्या वापरून आजचा साधा लॅपटॉपही हे सेकंदाच्या काही अंशात उरकतो. इंटेलमध्ये सुरू झालेल्या ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअर-संचात ही युक्ती तयार मिळते.

तुलना करून प्रत्येक जागेला गुण दिले जातात. सर्वांत प्रचलित रीत म्हणजे संख्याशास्त्रातला सहसंबंध गुणांक, जो उणे एक ते एक यांच्या दरम्यान राहतो. तुकड्यात जिथे गडद तिथे पडद्यावरही गडद, जिथे फिकट तिथे फिकट, असं तंतोतंत जुळलं तर एक. काहीच संबंध नसेल तर शून्याच्या आसपास. सगळ्यांत जास्त गुण मिळालेली जागा निवडायची, आणि ते गुण आपण ठरवलेल्या किमान मर्यादेच्या वर असतील तरच बटण सापडलं असं मानायचं. सिकुलीत ही मर्यादा मुळात 0.7 ठेवलेली असते. पायऑटोजीयूआयमध्ये तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ठिपक्याला ठिपका जवळजवळ तंतोतंत जुळावा लागतो. काही ठिपक्यांची छटा बदलली तरी ते ‘सापडलं नाही’ म्हणू शकतं.

यंत्राला इथं बटणाचा अर्थ कुठेच लागत नाही. त्याला गडद-फिकट ठिपक्यांची मांडणी तेवढी कळते. प्रत्यक्ष वापरातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी यातून येतात.

पहिली अडचण आकाराची. पडद्यावरची अक्षरं बारीक वाटली म्हणून कुणी विंडोजमध्ये मोठेपणा 100 टक्क्यांवरून 125 केला, की बटण सव्वापट होतं आणि जुना तुकडा कुठेच बसत नाही. एका संगणकावर उत्तम चालणारी गोष्ट शेजारच्या संगणकावर आंधळी होते ती बहुधा याच कारणानं. मॅकच्या रेटिना पडद्यावर आणखी एक गंमत असते. तिथं स्क्रीनशॉटमधले ठिपके माउसच्या मोजमापाच्या दुप्पट असतात, म्हणून बटण बरोबर सापडतं आणि क्लिक भलत्याच जागी पडतं. सापडलेल्या अंकांना दोननं भागावं लागतं. तुकडा जेपीजी म्हणून साठवला तर फाइल लहान करण्याच्या नादात त्यातले ठिपके बदलतात, म्हणून तो पीएनजीच असावा. माउसचा बाण बटणावर असताना बटण रंग बदलत असेल, तर फोटो काढताना बाण बाजूला न्यायला हवा.

दुसरी अडचण जास्त धोक्याची आहे, आणि ती शिकवताना बहुतेक जण सांगत नाहीत. सहसंबंध गुणांक एकूण उजेडाकडे दुर्लक्ष करतो. सगळं चित्र सारख्या प्रमाणात फिकट झालं तरी गडद-फिकटाची मांडणी तीच राहते, म्हणून गुण तेच येतात. पडदा थोडा मंद झाला तरी बटण सापडावं यासाठी हा गुण चांगला. पण फॉर्ममधली एखादी चौकट रिकामी राहिली की पोर्टल ‘जमा करा’ बटण करडं करून बंद ठेवतं. अक्षरं तीच, आकार तोच, फक्त सगळं फिकट. यंत्राला ते उघड्या बटणाइतकंच ओळखीचं वाटतं. ते दाबतं, काहीच होत नाही, आणि लिहिणाऱ्यानं पुढची खबरदारी घेतलेली नसेल तर अर्ज जमा झाला असं धरून पुढच्या शेतकऱ्याकडे वळतं. तुलना काळ्या-पांढऱ्यात केली असेल तर त्याच गडदपणाचं हिरवं आणि तांबडं बटणही त्याला एकच. म्हणून बटण सापडल्यावर त्या जागेचा खरा रंग वेगळा तपासलाच पाहिजे. यात आळस नको.

तिसरी अडचण आपल्या लिपीची, आणि मला ती सगळ्यांत रंजक वाटते. ‘जमा करा’ आणि ‘रद्द करा’ ही दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. दोन्हींचा रंग एक, चौकट एक, आणि अर्धा मजकूर, ‘करा’, अगदी एकच. उरलेल्या अर्ध्यातही अक्षरांच्या डोक्यावरून जाणारी शिरोरेघ दोन्हीकडे त्याच उंचीवर, त्याच जाडीची. हिंदी पोर्टलवर ‘जमा करें’ आणि ‘रद्द करें’ यांचं तेच. ठिपक्यांच्या हिशेबात ही दोन बटणं सख्खी भावंडं आहेत. रोमन लिपीत शब्दागणिक उंच-बुटकी अक्षरं वेगळ्या जागी येतात आणि फरक पडतो, देवनागरीत मात्र शिरोरेघ सगळ्या शब्दांना एकसारखी पट्टी बहाल करते. बटण सापडत नाही म्हणून किमान मर्यादा 0.9वरून 0.7वर आणणं हा नवशिक्याचा पहिला उपाय असतो, आणि मराठी-हिंदी पडद्यावर तोच उपाय ‘जमा’च्या जागी ‘रद्द’ दाबू शकतो. इलाज असा: तुकडा कापताना ‘करा’ वगळून ‘जमा’ एवढाच घ्यावा, जमल्यास शिरोरेघेच्या खालचा भाग घ्यावा, बटणावर एखादं चिन्ह असेल तर ते धरावं. दुसरा इलाज अक्षरं खरोखर वाचण्याचा. टेसरॅक्ट हे अक्षरवाचक सॉफ्टवेअर मराठी आणि हिंदी दोन्ही वाचतं. ठिपके जुळवून जागा शोधायची आणि दाबण्याआधी तिथं लिहिलेलं वाचून खात्री करायची, ही जोडी मी सुचवेन.

तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे ‘पाहा’ हे बटण असेल तर? वीस ओळी, वीस सारखी बटणं. इथं आधी हवा तो खसरा क्रमांक शोधायचा आणि मग त्याच्या उजवीकडच्या पट्टीतच बटण पाहायचं. सिकुलीत ‘उजवीकडे’, ‘खाली’, ‘जवळपास’ अशा आज्ञा पहिल्यापासून आहेत. शोधाची जागा अशी आखडली की वेळही वाचतो आणि चूकही टळते.

राहता राहिली थांबण्याची बाब. गावातलं इंटरनेट कधी एका सेकंदात पान देतं, कधी चाळीस सेकंद लावतं. ‘पाच सेकंद थांब आणि दाब’ असं लिहिलं की एक दिवस ते रिकाम्या पानावर दाबणार. त्यापेक्षा ‘बटण दिसेपर्यंत पाहत राहा, मिनिटभरात दिसलं नाही तर काम थांबवून मला सांग’ असं लिहावं. दाबल्यावर पावतीचं पान आलं का हेही पाहावं, आणि न आल्यास पुन्हा दाबण्याऐवजी थांबावं, कारण दोनदा जमा झालेला अर्ज निस्तरणं जिकिरीचं असतं. पायऑटोजीयूआयमध्ये माउस झटकन पडद्याच्या कोपऱ्यात नेला की सगळं बंद पडतं. ही सोय लेखकानं मुद्दाम ठेवली आहे. ती कधीही काढून टाकू नये, कारण भरकटलेलं यंत्र माउस आपल्या ताब्यात ठेवतं आणि ते थांबवायला दुसरं काही सहज हाताशी राहत नाही.

ठिपके जुळवण्याच्या पलीकडची पिढीही आता आली आहे. हजारो पडदे दाखवून शिकवलेलं न्यूरल नेटवर्क एखादं विशिष्ट बटण आधी न पाहताही ‘हे बटण आहे, ही चौकट आहे, हे शोधाचं भिंग आहे’ असं ओळखतं. आकार बदलला, रंग बदलला तरी त्याचं अडत नाही. ऑक्टोबर 2024मध्ये अँथ्रॉपिकनं आणि जानेवारी 2025मध्ये ओपनएआयनं पडदा पाहून स्वतः बटणं दाबणारी भाषिक मॉडेलं लोकांपुढे आणली. त्यांना ‘अमुक गावाचा उतारा काढ’ एवढं सांगायचं, बटण कोणतं ते त्यांनीच ठरवायचं. चुका तीही करतात, आणि त्यांची चूक आधी ओळखता येत नाही. ठिपके जुळवणारं साधं यंत्र कुठे घसरेल हे निदान सांगता तरी येतं. म्हणून रोज तेच काम करायचं असेल तर मी अजून जुनीच रीत पसंत करीन.

आता जिथे ही कला मुळीच वापरू नये त्या जागेबद्दल. रायपुर आणि आसपासची मराठी घरं पुण्याला जायचं म्हटलं की आझाद हिंद एक्सप्रेसकडे पाहतात. ऐन सणाला तिकीट नसतं, उरतं ते तत्काळ. वातानुकूलित वर्गाचं सकाळी दहाला, बाकीचं अकराला. तेवढ्या एका मिनिटासाठी देशभरातल्या बेकायदा एजंटांनी पडदा पाहून, फॉर्म भरून, बटण दाबणारी सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं चालवली. रेल्वेनं 2025च्या जूनमध्ये जाहीर केलं, की तत्काळ सुरू होण्याच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असत. अडीच कोटी संशयास्पद युजर आयडी बंद केले गेले. 22 मे 2025च्या सकाळी दहा वाजता एका मिनिटात 31,814 तिकिटं निघाली, यावरून त्या मिनिटाची किंमत कळावी. 1 जुलै 2025पासून आधारनं पडताळलेल्या खात्यालाच ऑनलाइन तत्काळ तिकीट मिळतं आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंद असतो. रेल्वे कायद्याच्या कलम 143नुसार तिकिटांचा अनधिकृत धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कलम ई-तिकिटांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2025ला स्पष्ट केलं.

तंत्र दोन्हीकडे एकच आहे. समितीच्या कार्यालयात स्वतःच्याच नोंदी यंत्राकडून भरून घेतल्या तर कुणाचं काही जात नाही, ऑपरेटरची मान आणि मनगट वाचतं. तत्काळच्या मिनिटात यंत्र पुढे गेलं तर रांगेतलं एक माणूस मागे पडतं, आणि ते माणूस बहुधा आजारी नातेवाइकाकडे निघालेलं असतं. जिथे मोजक्या जागांसाठी रांग आहे तिथे यंत्र बसवणं ही रांग मोडणं आहे, मग ती रांग तिकिटाची असो की धानाच्या टोकनाची. माझं मत यावर पक्कं आहे.

अशा यंत्रांना रोखण्यासाठी वेबसाइट वेडीवाकडी अक्षरं किंवा चित्रं ओळखायला सांगतात, तो कॅप्चा. कार्नेगी मेलन विद्यापीठात या शतकाच्या आरंभी ही कल्पना नावारूपाला आली तेव्हा चित्र ओळखणं यंत्राला जड जाई. 2024मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी गुगलच्या रीकॅप्चाची चित्रकोडी यंत्राकडून सगळीच्या सगळी सोडवून घेतली. म्हणजे या कुलपानं आता चोर अडत नाही. अडतो तो दृष्टी नसलेला माणूस.

आणि इथं या विषयाची दुसरी, मला जास्त मोलाची वाटणारी बाजू सुरू होते. अंध व्यक्ती संगणक वापरते ती एनव्हीडीएसारख्या पडदावाचकाच्या मदतीनं, फोन वापरते ती अँड्रॉइडच्या टॉकबॅकच्या किंवा आयफोनच्या व्हॉइसओव्हरच्या मदतीनं. हे वाचक बटणाचं कोडमध्ये दिलेलं नाव मोठ्यानं उच्चारतात. नाव दिलेलंच नसेल तर ऐकू येतं नुसतं ‘बटण’. खाली आणखी एक ‘बटण’. त्याखाली आणखी एक. कोणतं जमा करायचं आणि कोणतं रद्द करायचं? ॲपलनं 2020मध्ये आयफोनमध्ये जी सोय दिली तिचं काम हेच: पडद्याचं चित्र पाहून निनावी बटणं ओळखायची आणि त्यांना नावं द्यायची. त्यासाठी ॲपलच्या संशोधकांनी 4,068 ॲपमधले 77,637 पडद्यांवर माणसांकडून खुणा करून घेतल्या होत्या. गुगलनंही 2021मध्ये आवाजावर फोन चालवणाऱ्यांसाठी चिन्हं ओळखणारं मॉडेल आणलं, सुरुवातीला 31 प्रकारची चिन्हं ओळखणारं. हात न चालणारा माणूस ‘भिंग दाब’ असं बोलला की फोन पडद्यावर भिंग शोधतो.

हे काम मोठं आहेच. पण ज्या बटणाला बनवतानाच नाव दिलं असतं, त्याच्यासाठी एवढा खटाटोप करावाच लागला नसता. एचटीएमएलमध्ये बटणाला नाव देणं म्हणजे एका ओळीचं काम. ते केलं की अंध माणसाला बटण ऐकू येतं, आणि समितीतल्या ऑपरेटरला स्वयंचलनासाठी ठिपके जुळवत बसावं लागत नाही, त्याचं यंत्र नावाच्या भरवशाच्या रस्त्यानं जातं. एकाच ओळीनं दोघांची सोय होते.

कायदा तर झालेलाच आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016चा. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची केंद्राची नियमावली 2009पासून आहे. 8 नोव्हेंबर 2024ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेची किमान मानकं ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करायला सांगितली. 30 एप्रिल 2025ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणातली तक्रार कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून ओळख पटवायला सांगणाऱ्या पडद्याची होती. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना ते करता येत नव्हतं.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुलभता या सदरात टॉकबॅक आहे. तो सुरू करा, डोळे मिटा आणि तुम्ही नेहमी वापरता ते सरकारी ॲप किंवा पोर्टल उघडा, महाराष्ट्राचं असो की छत्तीसगढचं. टॉकबॅक चालू असताना एकदा टेकवलं की नाव ऐकू येतं आणि दोनदा टेकवलं की बटण दाबलं जातं, एवढं आधी लक्षात घ्या, आणि तो बंद कसा करायचा तेही पाहून ठेवा. जिथे बटणाचं नाव ऐकू येणार नाही त्या पडद्याचा फोटो काढा आणि त्या पोर्टलच्या मदत कक्षाला लिहा: ‘या बटणाला नाव नाही, कृपया द्या.’ पत्रात पानाचं नाव आणि बटण कुठे आहे ते नक्की लिहा, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला ते शोधत बसावं लागणार नाही.